गेटींच्या नातवाकडे पैसे का नव्हते?

१० जुलै १९७३ च्या पहाटे, रोममधल्या पियाझ्झा फार्नेझे या चौकातून सोळा वर्षांच्या एका मुलाला पळवून नेण्यात आलं. नेणारे लोक कलाब्रियाच्या गुन्हेगारी टोळ्यांपैकी होते. इटलीच्या पार दक्षिणेच्या डोंगरांत त्याला साखळीने बांधून ठेवलं आणि निरोप धाडला : १ कोटी ७० लाख डॉलर द्या.

अपहरणकर्त्यांचा हिशेब साधा होता. मुलाचं नाव जॉन पॉल गेटी तिसरा. त्याच्या आजोबांना १९५७ साली ‘फॉर्च्यून’ मासिकाने हयात असलेला सर्वांत श्रीमंत अमेरिकन ठरवलं होतं आणि १९६६ साली गिनेस बुकाने जगातला सर्वांत श्रीमंत खासगी नागरिक. तेव्हा नातवासाठी पावणेदोन कोटी म्हणजे किरकोळ रक्कम.

तो हिशेब सपशेल चुकला. मुलाकडे पैसे नव्हते, आईकडे नव्हते आणि वडिलांकडेही एवढी रक्कम नव्हती. होते फक्त आजोबांकडे, आणि आजोबा म्हणाले, मला आणखी चौदा नातवंडं आहेत. आज एक पैसा दिला तर उद्या चौदाही पळवली जातील.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे आजोबांच्या कवडीचुंबकपणावर थांबतात. तो खराच होता. या गृहस्थांनी इंग्लंडमधल्या आपल्या सटन प्लेस या आलिशान वाड्यात पाहुण्यांसाठी नाणी टाकून चालणारा फोन बसवला होता. पण आजोबा दिलदार असते तरी मूळ कोडं उरतंच. एवढ्या पैशाच्या घराण्यात मुलगा आणि नातू दोघेही कफल्लक कसे? त्याचं उत्तर १९३४ साली झालेल्या एका कागदपत्रात आहे. ते नीट कळलं की या मुलाच्या आयुष्यातल्या पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

घरात तीन पॉल आहेत, म्हणून आपल्या पेशवाईच्या पद्धतीने आजोबांना थोरले पॉल, वडिलांना मधले पॉल आणि नातवाला धाकटा पॉल म्हणू.

थोरल्या पॉलचे वडील जॉर्ज गेटी वकील होते. विम्याच्या धंद्यात जम बसलेला असताना १९०३ मध्ये ते ओक्लाहोमात गेले, तिथे तेल निघालं आणि घराचं नशीब पालटलं. मुलगा धंद्यात हुशार निघाला, पण त्याची एकामागून एक लग्नं आणि घटस्फोट वडिलांना मुळीच पसंत नव्हते. १९३० मध्ये जॉर्ज वारले तेव्हा मृत्युपत्रात मुलाला फक्त पाच लाख डॉलर होते. बाकी जवळजवळ सगळं त्यांनी पत्नी सारा हिच्या नावावर केलं.

आता चित्र असं : कंपनी चालवणार मुलगा, मालकी आईकडे. वर जागतिक महामंदीचा काळ. शेअर मातीमोल झालेले, आणि थोरल्या पॉलला नेमके तेच हवे होते. स्वस्तात मोठ्या तेल कंपन्या गिळायच्या, त्यासाठी कर्ज काढायचं. आईला धडकी भरली. हा एक दिवस सगळं बुडवेल आणि नातवंडं रस्त्यावर येतील, अशी तिला भीती. बरीच रस्सीखेच होऊन १९३४ च्या शेवटी तोडगा निघाला : सारा सी. गेटी ट्रस्ट. त्यात सुरुवातीला घातलेली मालमत्ता तीस-पस्तीस लाख डॉलरची होती. पुढे ती शेकडो कोटींवर गेली.

‘ट्रस्ट’ म्हटलं की आपल्याला देवस्थान, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय आयुक्त आठवतात. ते सार्वजनिक ट्रस्ट. खासगी कौटुंबिक ट्रस्ट वेगळा. आपल्याकडेही त्यासाठी १८८२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात मालमत्तेचा मालक म्हणून कागदावर एक जण असतो आणि तिचा फायदा दुसऱ्याला मिळतो. कागदावरच्या मालकाला विश्वस्त म्हणतात, फायदा घेणाऱ्याला लाभार्थी. विश्वस्ताने मालमत्ता सांभाळायची, वाढवायची, पण स्वतःसाठी वापरायची नाही. लाभार्थ्याने मिळेल ते घ्यायचं, पण मालमत्तेला हात लावायचा नाही.

शिवाय फायद्याचेही दोन भाग पाडता येतात. परसातलं आंब्याचं झाड घ्या. आजी सांगून गेली की मुलांनी हयातभर आंबे खावेत, झाडाला कुऱ्हाड लावू नये; सगळी मुलं गेली की झाड नातवंडांनी वाटून घ्यावं. आंबे म्हणजे उत्पन्न, झाड म्हणजे मुद्दल. साराच्या ट्रस्टमध्ये हेच होतं. उत्पन्न थोरल्या पॉलच्या मुलांना. त्यातला एखादा वारला तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना. आणि मुद्दल नातवंडांच्या पिढीला, तेही थोरल्या पॉलचा शेवटचा मुलगा मरण पावल्यावर.

ही शेवटची अट विचित्र वाटते, पण तिच्यामागे जुना कायदा आहे. इंग्रजी परंपरेतला कायदा मालमत्तेला अनंतकाळ बांधून ठेवू देत नाही. दस्तऐवज करताना हयात असलेल्या कुणाच्या तरी आयुष्याशी मुदत जोडावी लागते, त्यापुढे फार तर काही ठरावीक वर्षं. आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही याच धर्तीचा नियम आहे. १९३४ मध्ये थोरल्या पॉलचा सर्वांत लहान मुलगा गॉर्डन जेमतेम वर्षाचा होता. म्हणजे त्या दिवसापासून हे कुलूप आणखी सत्तर-ऐंशी वर्षं सहज टिकणार होतं.

दुसरी मेख अशी की हा ट्रस्ट उधळेपणाला आळा घालणारा होता. अमेरिकेत या प्रकाराला वेगळं नावच आहे. लाभार्थी आपला भावी हिस्सा विकू शकत नाही, गहाण ठेवू शकत नाही आणि त्याच्या सावकारांना मुद्दलावर टाच आणता येत नाही. घराणं बुडू नये म्हणून हे उत्तम. मात्र घरावर खरंच संकट आलं, तर बँकेत जाऊन ‘माझ्या वाट्याला पुढे कोट्यवधी येणार आहेत, त्यावर आज थोडं कर्ज द्या’ असंही म्हणता येत नाही.

सगळ्यांत मोठी गोम विश्वस्ताच्या नेमणुकीत होती. ज्याच्या हातून पैसा वाचवायचा म्हणून हा खटाटोप, तो थोरला पॉलच विश्वस्त झाला. आणि ट्रस्टकडे होते त्याच्याच तेल कंपन्यांचे शेअर.

इथे तेल कंपनीचा हिशेब समजून घ्यावा लागेल. लाभार्थ्याला उत्पन्न मिळणार, पण शेअरचं उत्पन्न म्हणजे लाभांश, आणि तो द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. कंपनी थोरल्या पॉलच्या मुठीत. नफा झाला की तो धंद्यातच घालायचा हा त्याचा खाक्या. लाभांश दिलाच, तर रोख पैशांऐवजी नव्या शेअरच्या रूपात. नवे शेअर उत्पन्न न धरता मुद्दलात जमा केले की मुलांच्या हाती शून्य, त्यावर प्राप्तिकरही नाही, आणि ट्रस्ट मात्र फुगत जाणार. याच मुद्द्यावर मुलगा गॉर्डन वडिलांविरुद्ध कोर्टात गेला. दावा काही वर्षं चालला आणि तो हरला.

थोरल्या पॉलला दुष्ट ठरवण्याआधी हेही सांगायला हवं की पैसा वाढवण्याच्या कामात तो अव्वल होता. १९४९ मध्ये त्याने सौदी अरेबिया आणि कुवेत यांच्यामधल्या तटस्थ पट्ट्यात तेल शोधण्याचा हक्क घेतला. त्यासाठी सुरुवातीलाच ९५ लाख डॉलर रोख मोजले, शिवाय दरवर्षी किमान दहा लाख द्यायचं कबूल केलं. चार वर्षं हाताला काही लागलं नाही. १९५३ मध्ये तेल लागलं आणि तो अब्जाधीश झाला. आईने ज्या सट्टेबाजीची धास्ती घेतली होती, त्याच वृत्तीने ट्रस्ट गब्बर केला.

त्याला चार बायकांपासून पाच मुलगे झाले, आणि ट्रस्टने सगळ्यांना सारखं वागवलं नाही. रोनाल्ड या मुलाच्या आईशी झालेला घटस्फोट फार कडवट होता, त्याचा राग पोरावर निघाला. बाकीच्यांना उत्पन्नात वाटा. रोनाल्डला वर्षाला फक्त ३,००० डॉलर. ही ओळ लिहिली गेली तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा होता. मोठेपणी तो कोर्टात भांडला, पण ती ओळ काही बदलली नाही.

मधले पॉल याच घरातले. इटलीत कौटुंबिक तेल कंपनीचं काम पाहायला म्हणून गेले. पत्नी गेल हॅरिस आणि मुलं तिथेच वाढली. १९६४ मध्ये घटस्फोट झाला. दुसरी पत्नी तलिथा १९७१ मध्ये रोममध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गेली. त्यानंतर मधले पॉल लंडनमध्ये नशेच्या गर्तेत, नोकरी नाही, वडिलांशी बोलणं नाही. धाकटा पॉल रोममध्ये, शाळेतून काढून टाकलेला, कलाकारांच्या घोळक्यात भटकणारा, चित्रं विकून खर्च भागवणारा. इटालियन वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ‘सोनेरी हिप्पी’ ठेवलं होतं. आपल्याकडे म्हणतात तसं नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

अपहरण झालं तेव्हा पोलिसांपासून घरच्यांपर्यंत अनेकांना वाटलं, पोराने आजोबांकडून पैसे उकळायला हा बनाव रचला असेल. तो पूर्वी थट्टेत तसं बोललाही होता. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असेच गेले. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि जगभर भाव भडकले, म्हणजे गेटींच्या तेलाचं मोल रोज वाढत होतं. त्याच महिन्यात अपहरणकर्त्यांनी त्या मुलाचा उजवा कान कापला.

कान आणि केसांची बट एका पाकिटात घालून रोमच्या ‘इल मेसाजेरो’ या दैनिकाला पाठवली गेली. इटलीत टपाल कर्मचाऱ्यांचा संप होता. पाकीट सुमारे तीन आठवडे पडून राहिलं आणि नोव्हेंबरात पोचलं. सोबत धमकी : दहा दिवसांत पैसे आले नाहीत तर दुसरा कानही येईल.

मग आजोबा हलले. घासाघीस होऊन आकडा २९ लाख डॉलरच्या आसपास आला होता. त्यातले २२ लाख द्यायला ते तयार झाले, कारण सल्लागारांच्या मते तेवढीच रक्कम करातून वजा होणार होती. अमेरिकी कायद्यात चोरी किंवा लुटीत गेलेला पैसा नुकसान म्हणून दाखवता येत असे. उरलेले त्यांनी स्वतःच्या मुलाला, मधल्या पॉलला, कर्जाऊ दिले. दर साल दर शेकडा चार व्याजाने.

व्याजाचा हा तपशील मला कानाच्या तपशिलाइतकाच अंगावर येतो. मात्र त्यात एक कबुलीही दडलेली आहे. ज्याच्या नावावर जगातल्या मोठ्या ट्रस्टांपैकी एकाचा लाभार्थी म्हणून शिक्का आहे, त्या मुलाजवळ सात लाख डॉलर नाहीत हे बापाला पक्कं ठाऊक होतं. ती परिस्थिती त्यानेच ठेवली होती.

१५ डिसेंबर १९७३ ला धाकटा पॉल दक्षिण इटलीत लाउरिया गावाजवळ महामार्गावर सापडला. योगायोग असा की त्या दिवशी आजोबांचा एक्क्याऐंशीवा वाढदिवस होता. आईच्या सांगण्यावरून त्याने आभाराचा फोन केला. आजोबा फोनवर आले नाहीत. पुढे नऊ जणांना अटक झाली, त्यातल्या दोघांनाच शिक्षा झाली. खंडणीतला बहुतेक पैसा परत मिळाला नाही.

६ जून १९७६ ला थोरले पॉल वारले. मृत्युपत्र उघडलं तेव्हा आणखी एक धक्का. मधल्या पॉलला ५०० डॉलर. धाकट्या पॉलला काहीच नाही. जवळजवळ सगळी वैयक्तिक मालमत्ता कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या संग्रहालयाला गेली, आणि ते जगातलं सर्वांत श्रीमंत संग्रहालय झालं.

या ५०० डॉलरची बातमी अजूनही ‘मुलाला बेदखल केलं’ अशी सांगितली जाते. ते अर्धसत्य आहे. मृत्युपत्राने माणूस फक्त स्वतःच्या मालकीचं वाटू शकतो. ट्रस्टमधली मालमत्ता थोरल्या पॉलची नव्हतीच, ते केवळ विश्वस्त होते. ती १९३४ च्या कागदाप्रमाणेच चालणार होती. म्हणजे बापाने मरताना मुलाचा अपमान जरूर केला, पण त्याचा ट्रस्टमधला हक्क काढून घेणं त्याच्या हातात नव्हतं. उलट लाभांश अडवणारा माणूसच गेल्यामुळे मुलांच्या हाती पडणारी रक्कम वाढू लागली. मधले पॉल त्यानंतर खऱ्या अर्थाने श्रीमंत झाले.

धाकट्या पॉलच्या वाट्याला मात्र यातलं थेट काही येत नव्हतं. उत्पन्न बापाच्या पिढीचं, मुद्दल भविष्यातलं, तो मधेच अडकलेला. कैदेतून सुटल्यावर वर्षभराच्या आत त्याने लग्न केलं, अठराव्या वर्षी बाप झाला. तो मुलगा, बाल्थझार, पुढे अभिनेता म्हणून नावारूपाला आला. १९७७ मध्ये शस्त्रक्रिया करून कान पुन्हा घडवला. पण दारू आणि अमली पदार्थ सुटले नाहीत. १९८१ मध्ये व्हॅलियम, मेथाडोन आणि दारू एकत्र पोटात जाऊन यकृत निकामी झालं, मेंदूला झटका बसला. चोवीस वर्षांचा तरुण जवळजवळ आंधळा झाला, हातपाय लुळे पडले, बोलणं जवळपास थांबलं. त्यानंतरची तीस वर्षं त्याने चाकांच्या खुर्चीत काढली. सांभाळलं आईने.

चोवीस तास परिचारिका, उपचार, उपकरणं यांचा खर्च महिना २८ हजार डॉलरवर जात होता. मधल्या पॉलने तो द्यायला नकार दिला आणि मुलाच्या बाजूने बापावर कोर्टात दावा लागला. लांबून पाहणाऱ्याला प्रश्न पडेल, घराण्याच्या ट्रस्टमधून थेट का नाही दिला? कारण विश्वस्ताला मनाने देता येत नाही. कागदात ज्याचं नाव, ज्या वेळी, ज्या कारणासाठी लिहिलं आहे, तेवढंच तो देऊ शकतो. नातवंडांचं मुद्दल आधी मोकळं करायची सोय त्या कागदात नव्हती, मग नातवंड अंथरुणाला खिळलेलं का असेना. शेवटी मधल्या पॉलला पैसे द्यावे लागले.

दरम्यान ट्रस्टचं रूप पालटत होतं. १९८२ पासून गॉर्डन एकटा विश्वस्त उरला. संगीतरचना करणारा, व्यवसायात फारसा रस नसलेला म्हणून घरचे त्याला गंभीरपणे घेत नसत. गेटी ऑइलचे सुमारे ४० टक्के शेअर ट्रस्टकडे होते आणि १२ टक्क्यांच्या आसपास संग्रहालयाकडे. हे दोघे एकत्र आले की कंपनी कुणाला विकायची ते ठरणार. जानेवारी १९८४ मध्ये पेन्झॉइल कंपनीशी बोलणी जवळजवळ पक्की झाली असताना टेक्सॅकोने जास्त भाव दिला, आणि सुमारे १,०१० कोटी डॉलरना कंपनी घेतली. पेन्झॉइल कोर्टात गेली. ह्यूस्टनच्या ज्यूरीने टेक्सॅकोला १,०५३ कोटी डॉलर भरपाई ठोठावली. टेक्सॅकोने १९८७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अखेर ३०० कोटींवर तडजोड झाली. गेटींना त्याची झळ लागली नाही. त्यांचे शेअर विकून रोख हातात आली होती. मग त्या रोखीवरून भाऊ-पुतण्यांत कज्जे झाले आणि एकाच ट्रस्टचे घराण्याच्या शाखांनुसार वेगळे ट्रस्ट करण्यात आले. साराने नेमलेली मुदत मात्र तीच राहिली.

मधल्या पॉलने पुढे इंग्लंडमध्ये व्यसनातून बाहेर येऊन दानशूर म्हणून नाव मिळवलं. १९८५ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला ५ कोटी पौंड दिले. मुलाच्या औषधपाण्यावरून कोर्टात गेलेला बाप हाच. दोन्ही खरं आहे. त्याला क्रिकेटचं वेड लागलं. त्याने बकिंगहॅमशरमधल्या वर्म्सली इस्टेटवर सुरेख मैदान बांधलं आणि ‘विस्डेन’ ही क्रिकेट वार्षिकाची कंपनीही विकत घेतली. मराठी वाचकाला या मैदानाची एक वेगळी ओळख आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारताच्या महिला संघाने तिथे इंग्लंडला कसोटीत सहा गडी राखून हरवलं आणि सांगलीची स्मृती मानधना त्याच सामन्यात कसोटीत पदार्पण करून दुसऱ्या डावात ५१ धावा काढून गेली. गेटींच्या तेलाचा पैसा कुठे कुठे झिरपला ते पाहताना हा सामना मला आठवतोच.

मधले पॉल २००३ मध्ये गेले. त्यांच्या उत्पन्नाचा वाटा ट्रस्टच्या नियमाप्रमाणे पुढच्या पिढीकडे सरकला. धाकटा पॉल ५ फेब्रुवारी २०११ ला वर्म्सली इथेच वारला, वय ५४. त्या दिवशी थोरल्या पॉलच्या पाच मुलांपैकी चार गेलेले होते. पाचवा, काका गॉर्डन, हयात होता. म्हणजे साराने १९३४ मध्ये घातलेली अट तेव्हाही पुरी झाली नव्हती, आणि मुद्दल जिथल्या तिथे होतं.